भुताचं हसं होऊ नये म्हणून: शॉर्टफिल्म करताना या चुका टाळा

आमच्या भयपटाचा पहिला खेळ मामाच्या ओटीवर झाला, भिंतीला चादर ताणून. फिल्म अकरा मिनिटांची. नवव्या मिनिटाला भूत आलं आणि अख्खी ओटी खदाखदा हसली. शेजारच्या मुलाने तर 'परत लावा' अशी फर्माईश केली.

गोष्ट साधी होती. आजी गेल्यावर कोकणातलं घर विकायला आलेली नात तिथे एकटीच मुक्कामाला राहते आणि रात्री माजघरातून जात्याची घरघर ऐकू येते. एवढ्यावर आम्ही थांबायला हवं होतं. पण आमच्याकडे पांढरं पातळ होतं, भाड्याने आणलेला विग होता आणि पावडरचा अख्खा डबा होता. पैसे भरून आणलेला विग कोण वाया घालवणार?

भूत दाखवायची घाई

आम्हाला वाटलं, मेकअप फसला. म्हणून दुसऱ्या खेपेला पावडर कमी केली, विगचे केस विस्कटले आणि तोच शॉट पुन्हा घेतला. पुन्हा हसू. मग कुठे उजेड पडला. ती घरघर ऐकताना प्रत्येकाने जात्याशी आपापलं माणूस बसवलं होतं. कुणाची आजी, कुणाची चुलती. आमची विगवाली त्यांच्यापुढे गॅदरिंगमधलीच दिसणार.

शेवटी बाई काढून टाकली. तिच्या जागी सकाळचा एक शॉट आला: नात माजघरात येते, वर्षानुवर्षं बंद असलेल्या जात्याभोवती ताज्या पिठाचं कडं पडलेलं. काळ्या दगडावर पांढरं तांदळाचं पीठ, आणि एका बाजूला ते हाताने ओढून घेतल्यासारखं पुसलेलं. कॅमेरा हलत नाही, संगीत नाही. फिल्म साडेसहा मिनिटांवर आली. तीही थोडी लांबच म्हणायची. दिग्दर्शक डेव्हिड सँडबर्ग यांनी २०१३ मध्ये बायकोला घेऊन घरातच केलेली 'लाइट्स आउट' ही भयाची शॉर्टफिल्म तीन मिनिटांच्याही आत संपते आणि तिचा सगळा खेळ दिव्याच्या एका बटणावर चालतो. तिच्यावरून २०१६ मध्ये मोठा सिनेमा निघाला.

हसू कुठे आलं ते मिनिट-सेकंदासकट लिहून ठेवा. चूक बहुतेक वेळा त्या शॉटमध्ये नसते, दहा-पंधरा सेकंद आधी असते. आमच्याकडे भूत यायच्या आधीच नात दचकत होती. तिला स्क्रिप्ट पाठ होती ना!

काळोख म्हणजे भीती नव्हे

रात्रीचा सीन म्हणून आम्ही खरोखर रात्री अकराला शूट केलं, आयएसओ ६४०० वर, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद खूप वाढवून. लॅपटॉपवर बरं दिसलं. मोबाइलवर पाठवल्यावर काळ्या भागात राखाडी चौकोन नाचायला लागले. पाठवताना फाइल लहान करणारं कॉम्प्रेशन अंधाराचे बारीक फरक आधी खाऊन टाकतं.

उपाय संध्याकाळी सापडतो. सूर्य बुडाल्यावर आभाळात निळसर उजेड असतो, तेवढी वीस-पंचवीस मिनिटं पकडा. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याची रंगांची सेटिंग, ३२०० केल्व्हिनच्या आसपास ठेवा आणि एक्सपोजर थोडं खाली ओढा, म्हणजे चित्र जरा काळोखं करा. बाहेरचा उजेड निळा होतो, घरातला पिवळा बल्ब पिवळाच राहतो आणि रात्र झाल्याचा भास होतो. वेळ थोडा असतो, म्हणून दुपारीच सगळ्या हालचालींची तालीम करून घ्या. आणि फ्रेममध्ये एक तरी दिवा दिसू द्या. उजेडच नसेल तर अंधार कुठे सुरू होतो ते बघणाऱ्याला कळणार कसं?

चित्रात आडवे पट्टे सरकताना दिसले तर ते भूत नाही, महावितरणची वीज आहे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा. बरेच मोबाइल आपणहून १/६० धरतात, तेव्हा मॅन्युअल मोडमध्ये जाऊन ते बदला. आमचा कंदील रॉकेलचा नव्हताच, आत बॅटरीवरचा बल्ब लपवला होता. खऱ्या कंदिलाच्या उजेडात कॅमेऱ्याला नातीचं नाकसुद्धा धड दिसेना.

रातकिडे उडी मारतात

आवाजात आम्ही सगळ्यात जास्त मार खाल्ला. नातीच्या शॉटमध्ये रातकिडे किरकिर करतात, दाराच्या शॉटमध्ये एकदम गप्प, पुन्हा नातीवर आलो की पुन्हा किरकिर. दोन शॉट दोन वेगवेगळ्या वेळी घेतलेले. बघणाऱ्याला नेमकं काय चुकलं ते सांगता येत नाही, पण घर खोटं वाटायला लागतं.

प्रत्येक जागी सगळ्यांना गप्प बसवून एक मिनिट नुसता त्या खोलीचा आवाज रेकॉर्ड करा. एडिटमध्ये तोच पट्टा अख्ख्या सीनखाली अंथरा. फ्रिज बंद करा, आणि करताना गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा. म्हणजे निघताना तो चालू करायचा राहत नाही. आमच्याकडे ही युक्ती कळायच्या आत मामीचं अर्धा किलो पापलेट गेलं होतं.

जात्याचा आवाज आधी रिकामं जातं फिरवून घेतला. दगडावर दगड घासल्याचा तो कर्कश आवाज ऐकून मामी आतून ओरडली, "अरे, टाकी जाईल त्याची!" टाकी म्हणजे जात्याच्या दगडावर ठोकलेल्या खाचा. मग मूठभर तांदूळ घातले आणि खरी घरघर आली, मध्येच खुंट्याची कुरकुर धरून. माइक जात्याजवळ न ठेवता शेजारच्या खोलीत, अर्धवट लोटलेल्या दाराआड ठेवला. नातीला ऐकू येतं तसंच प्रेक्षकालाही ऐकू आलं पाहिजे.

दचकवायला 'धाड्' असा आवाज आम्हीही चार ठिकाणी घातला होता. आता एकही नाही. जातं फिरायचं थांबतं, ती जागा त्या चारही धाडधाडींपेक्षा जास्त चावते.

गावाचं भूत आणि गावाचा राखणदार

मूळ स्क्रिप्टमध्ये परसातल्या विहिरीपाशी देवचार दिसायचा, तोही वाईट. वाचून झाल्यावर आमच्यासाठी जनरेटर आणणारे काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तेका भूत म्हणा नको. तो राखणदार आसा." तिथली माणसं त्याला भितात खरी, पण त्याच भरवशावर रात्री-अपरात्री पाणंदीतून जातातही. शहरातून जाऊन त्याला खलनायक करणं म्हणजे निव्वळ अडाणीपणा होता. आम्ही तो सीन काढला आणि शूट सुरू करण्याआधी काकांनी नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. जिथली भीती उचलायची, तिथल्या एका म्हाताऱ्या माणसाला आधी स्क्रिप्ट वाचून दाखवा.

शेवटी सगळं सांगून टाकणं

शेवटी एक शेजारीण येऊन म्हणायची, "अगं, तुझी आजी तर रोज पहाटे दळायची!" हे वाक्य आम्हाला फार आवडलं होतं. एडिटरने तीनदा काढलं, मी तीनदा परत घातलं. नव्या कटचा खेळही ओटीवरच झाला. या वेळी हसू नव्हतं, पण शेजारीण तोंड उघडताच लोक उठून चपला शोधायला लागले. दुसऱ्या दिवशी ते वाक्य काढून मामीला एकटीला फिल्म दाखवली. पिठाचं कडं दिसलं, पडदा काळा झाला. मामी थोडा वेळ तशीच बसली आणि मग विचारलं, "पण पीठ भरून कोणी नेलं?"

आम्ही कुणीच त्याचा विचार केला नव्हता. पुसलेली जागा कॅमेरामनच्या कोपराने झाली होती.