कर्नल ड्रायव्हर लिहिताय? एसमॅप बंद करण्याची चूक टाळा

नव्याने लिनक्स ड्रायव्हर लिहिणारं कुणी 'कर्नल ऊप्स देतोय' (म्हणजे लिनक्सचा गाभा चूक नोंदवून अडकतोय) म्हणून माझ्याकडे आलं, की मी कोडच्या आधी ग्रबची, म्हणजे मशीन सुरू होताना कर्नलला पर्याय देणारी, ओळ बघतो. तिथे एसमॅप, म्हणजे कर्नलला युजर प्रोग्रामच्या मेमरीला परस्पर हात लावू न देणारं प्रोसेसरचं संरक्षण, बंद केलेलं सापडलं की खरंच वाईट वाटतं. प्रोसेसरने चुकीवर नेमकं बोट ठेवलेलं असतं आणि आपण त्यालाच गप्प बसवलेलं असतं.

आधी थोडी उजळणी. इंटेलच्या आयव्ही ब्रिज प्रोसेसरबरोबर २०१२ मध्ये एसमेप आलं: कर्नल मोडमध्ये असताना युजरच्या पानावरचा (पान म्हणजे मेमरीचा ठरावीक तुकडा) कोड चालवायचा नाही. २०१४ मध्ये ब्रॉडवेलबरोबर एसमॅप आलं: युजरचं पान वाचायचं किंवा लिहायचंही नाही. खरोखर गरज असते तेव्हा कॉपी-फ्रॉम-युजर हे कर्नलचं फंक्शन 'स्टॅक' (एसटीएसी) ही सूचना देऊन दार क्षणभर उघडतं आणि 'क्लॅक' देऊन लावून घेतं. आर्म प्रोसेसरवर हीच कामं पीएक्सएन आणि पॅन करतात.

आता २०१६ ची गोष्ट. आम्ही एका स्टोरेज कार्डाचा ड्रायव्हर सांभाळत होतो. लॅबमधली मशिनं हॅसवेलची (आयव्ही ब्रिज आणि ब्रॉडवेलच्या मधली पिढी), म्हणजे एसमेप आहे, एसमॅप नाही. सगळ्या टेस्ट पास. ग्राहकाने ब्रॉडवेलचे नवे सर्व्हर घेतले आणि पहिल्याच आयऑक्टलला (प्रोग्रामने ड्रायव्हरला दिलेल्या हुकमाला) मशीन आडवं झालं. लॉगमध्ये 'ऊप्स: ०००१', आणि पत्ता ७एफएफने सुरू होणारा, म्हणजे युजर प्रोग्रामच्या स्टॅकवरचा (इथे स्टॅक म्हणजे प्रोग्रामची तात्पुरती मेमरी). तो ०००१ नीट वाचायला हवा होता. पान मेमरीत आहे, वाचायची परवानगी नाही, असं तो सांगतो. पानच नसतं तर ०००० आलं असतं. (आताचे कर्नल 'परमिशन्स व्हायोलेशन' असं सरळ शब्दांतच लिहितात.) पण डिलिव्हरीची घाई होती. कुणीतरी ग्रबच्या ओळीत एसमॅप बंद करणारं 'नोस्मॅप' टाकलं, ऊप्स थांबला आणि ती ओळ इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये जाऊन बसली.

काही महिन्यांनी तो कोड माझ्याकडे आला. बाहेरचं स्ट्रक्चर कॉपी-फ्रॉम-युजरने व्यवस्थित आत घेतलं होतं. पण त्या स्ट्रक्चरमध्ये बफरचा एक पॉइंटर (मेमरीतला पत्ता) होता आणि तो थेट मेमकॉपीच्या, म्हणजे काही न तपासता मेमरी कॉपी करणाऱ्या फंक्शनच्या, हवाली केला होता. आतला पॉइंटरही युजरनेच भरलेला असतो, हे लिहिणाऱ्याच्या ध्यानात आलं नव्हतं. मी एक छोटा प्रोग्राम लिहून त्या जागी कर्नलचाच एक पत्ता भरला. ड्रायव्हरने कर्नलची मेमरी उचलून कार्डावर लिहिली आणि साध्या युजरच्या हक्काने मी ती परत वाचली. किल्ल्या, पासवर्ड, जे मागाल ते निघालं असतं.

हे भोक एसमॅपने बुजत नाही, कारण ते फक्त युजरची पानं अडवतं. दिलेला पत्ता युजरच्याच हद्दीतला आहे ना, ही तपासणी कॉपी-फ्रॉम-युजरच्या पोटात असते. म्हणजे इतकं मोठं भोक असल्याची खूण आम्हाला फक्त त्या ऊप्सने दिली होती आणि आम्ही तीच पुसून टाकली. २०२२ मध्ये लिनक्सने नोस्मॅप हा पर्यायच काढला, फार चांगलं केलं. आता काही जण क्लिअर-सीपीयूआयडी या दुसऱ्या बूट पर्यायाच्या वाटेने तेच करतात. करू नका.

माझी सवय सांगतो. युजरकडून आलेल्या प्रत्येक पॉइंटरवर, आतल्यासुद्धा, मी 'युजर' ही खूण लावतो आणि 'मेक सी=१' देऊन स्पार्स हे कोड तपासणारं साधन चालवतो. स्पार्सची तक्रार कास्ट करून (टाइप जबरदस्तीने बदलून) दाबलेला पॅच मी पुढे न वाचता परत पाठवतो.

कॉपी-फ्रॉम-युजरचं उत्तर चुकीचं तपासणं हेही रोजचंच. ते किती बाइट कॉपी करायचे राहिले ते सांगतं. ऋण आकडा कधीच देत नाही. त्यामुळे 'शून्यापेक्षा कमी आहे का' ही तपासणी कधीच लागू होत नाही आणि ड्रायव्हर अर्धवट डेटा घेऊन पुढे जातो. शून्य नसेल तर ईफॉल्ट (पत्ता चुकीचा असल्याचा एरर कोड) परत करा, बस.

स्पिनलॉक (जे धरून झोपता येत नाही असं कुलूप) धरून युजरची मेमरी कॉपी करू नका. पान आणायला कर्नलला झोपावं लागू शकतं. युजरचा पॉइंटर वर्कक्यूकडे (कामं नंतर मागे करणाऱ्या रांगेकडे) देऊ नका. तिथे तो प्रोसेसच समोर नसतो. लांबी एकदा तपासून तीच युजरकडून दुसऱ्यांदा वाचू नका; मधल्या वेळात दुसरा थ्रेड ती बदलतो.

प्रोसेसरच्या सीआर-झीरो रजिस्टरमधला राइट-प्रोटेक्ट बिट उतरवून सिस्टिम कॉल टेबलात आपलं फंक्शन घुसवण्याची जुनी युक्ती अजून फिरतेय. ५.३ आवृत्तीपासून कर्नलने तो बिट जखडून ठेवलाय. तरी लोक थेट असेम्ब्ली लिहून तो उतरवतात आणि 'जमलं' म्हणून कळवतात. तेवढ्या वेळात त्या कोअरवर कर्नलचं वाचनापुरतं ठेवलेलं प्रत्येक पान उघडं असतं. त्याऐवजी एफट्रेस किंवा केप्रोब ही फंक्शनमध्ये शिरायची कर्नलचीच साधनं शिकायला दोन दिवस लागतात. ते दोन दिवस द्या.

आणि क्यूएमयू या आभासी मशीनवर टेस्ट करत असाल तर सीपीयू 'होस्ट' किंवा 'मॅक्स' द्या. काही न सांगता मिळणाऱ्या नेहमीच्या मॉडेलमध्ये एसमॅप नसतं, त्यामुळे आमच्या हॅसवेलसारखंच सगळं हिरवं दिसतं. माझ्या टेस्ट स्क्रिप्टची पहिली ओळ गेस्टच्या, म्हणजे आभासी मशीनच्या, सीपीयूइन्फोमध्ये (प्रोसेसरच्या माहितीच्या फाइलमध्ये) एसमॅप शोधते. सापडलं नाही तर पुढची एकही टेस्ट चालत नाही.