जुन्या फायरथॉर्न बोन्सायच्या फांद्या वाळतात? या चुका टाळा

फायरथॉर्न सांभाळणाऱ्याला हा अनुभव कधी ना कधी येतोच. झाड फळांनी लगडलेलं असतं, बुंधा दणकट असतो आणि अचानक एक फांदी मलूल दिसायला लागते. तीही कुठली कोपऱ्यातली काडी नव्हे, तर जिच्यावर सगळ्या झाडाचा तोल असतो नेमकी तीच. आठवड्याभरात पानं कुरकुरीत होतात, नखाने साल खरवडली तर खाली हिरव्याऐवजी तपकिरी लागतं. बाकीचं झाड मात्र ठणठणीत.

माझ्या सगळ्यात जुन्या झाडाची डावीकडची पहिली फांदी अशीच गेली. पहिले पंधरा दिवस मी बुरशीनाशक फवारत बसलो. बुरशी नव्हतीच. चार महिन्यांपूर्वी कुंडी बदलताना त्याच बाजूचं अंगठ्याएवढं जाड मूळ मी ‘आड येतंय’ म्हणून कापलं होतं. वसंतात साठवणीच्या जोरावर फांदी फुटली, पण उन्हं तापल्यावर पाणी मागायला तिच्याकडे मूळच नव्हतं. तेव्हापासून फांदी वाळली की मी आधी फांदीकडे बघत नाही. गेल्या वर्षभरात मुळांशी आणि छाटणीच्या जागी काय काय केलं, ते आठवतो.

मुळं ‘सरसकट’ कापणं

फायरथॉर्न, म्हणजे पायराकँथा, गुलाबाच्या कुळातलं झाड आहे. सफरचंद आणि नाशपातीचं नातलग. जमिनीत ते इतकं चिवट असतं की कुंपणाला लावतात. या चिवटपणाच्या भरवशावरच आपण कुंडीतल्या म्हाताऱ्या झाडाशी दांडगाई करतो.

जुन्या झाडाचा बुंधा नीट न्याहाळा. तो सगळीकडून सारखा जिवंत नसतो. फुगीर, दोरखंडासारखे पट्टे वर चढत गेलेले दिसतात आणि मधल्या खोबणीत साल मेलेली किंवा लाकूड उघडं पडलेलं असतं. प्रत्येक पट्टा खालच्या एखाद्या जाड मुळाला वरच्या एखाद-दोन फांद्यांशी जोडतो. तरुण झाडाचं एक मूळ गेलं तर शेजारची मुळं भार उचलतात. म्हाताऱ्या झाडात ही देवाणघेवाण फारशी होत नाही. मूळ गेलं की पट्टा जातो आणि पट्ट्यामागोमाग फांदी.

म्हणून जाड मुळाला कात्री लावण्याआधी ते बुंध्याला कुठे मिळतं ते बघा आणि तिथून पट्ट्यावर बोट फिरवत वर जा. बोट मुख्य फांदीपाशी थांबलं, तर ते मूळ या वेळी नुसतं आखूड करा, तेही त्याला बुंध्याजवळ बारीक तंतुमुळं असतील तरच. नसतील तर मोकळं मिश्रण लावून तंतू धरू द्या आणि पुढच्या खेपेला बघा. चार वर्षं थांबलं तर बिघडत नाही. बोन्साय करणाऱ्याला घाई असून चालतही नाही.

वेळ साधी आहे: हिवाळा सरताना डोळे, म्हणजे फांदीवरचे न उमललेले कोंब, फुगायला लागतात, पण फुटलेले नसतात तेव्हा. तरुण झाडाला दोन-तीन वर्षांनी, जुन्याला तीन-चार वर्षांनी रिपॉटिंग, म्हणजे माती-कुंडी बदलणं, पुरतं. कॅलेंडरपेक्षा पाणी किती वेळात मुरतं त्यावर ठरवणं जास्त बरं. मुळं धुऊन पूर्ण उघडी करण्याचा मोह आवरा. या झाडाला ते सोसत नाही. एका खेपेला अर्ध्या बाजूची जुनी माती काढा, उरलेली अर्धी पुढच्या खेपेला. मुळांचा एक तृतीयांश ही मी कमाल मर्यादा मानतो, आणि जुन्या झाडात तिथपर्यंतही जात नाही.

बुंध्याच्या बरोबर खालची माती मात्र विसरू नका. वर्षानुवर्षं तिला कुणी हात लावत नाही आणि तिचा चिखलाचा गोळा होतो. मग पाणी कडेकडेने निघून जातं आणि गोळा एक तर कोरडा ठणठणीत राहतो, नाहीतर सडत राहतो. लाकडी काडी आत खुपसून दहा मिनिटांनी काढली की खरं काय ते कळतं. प्यूमिस (सच्छिद्र ज्वालामुखी दगड), लाव्हा खडी, आकादामा (दाणेदार जपानी माती) असं मिश्रण त्या गोळ्यात थोडं थोडं सरकवत न्यायचं. काम झाल्यावर झाड कुंडीला तारेने घट्ट बांधा. वाऱ्याने झाड हललं तर नव्याने फुटलेली तंतुमुळं रोज तुटतात, आणि हे नुकसान वरून दिसतही नाही.

आणि एक: मुळांची छाटणी आणि फांद्यांची मोठी छाटणी एकाच हंगामात कधीच नको.

पान न ठेवता फांदी आखूड करणं

‘फायरथॉर्न कसंही कापा, फुटतंच’ हे वाक्य प्रत्येकाने ऐकलेलं असतं. ते अर्धं खरं आहे. झाड फुटतं, पण कुठे फुटेल ते झाड ठरवतं. बुंध्यातून, मुळाच्या मानेतून, आपल्याला नको त्या ठिकाणी जोमाने फुटेल. तुम्ही मागे आणलेल्या फांदीवर मात्र एकही डोळा जागा होणार नाही. पानं नसलेली फांदी रस वर ओढत नाही. रस ओढला जात नाही, तिथला पट्टा झाड हळूहळू बंद करून टाकतं.

त्यामुळे कापताना टोकाशी निदान एक हिरवा फुटवा ठेवायचाच. फांदी फारच लांबली असेल तर आधी आतल्या बाजूला उजेड पोचवा, तिथे फूट येऊ द्या आणि ती पक्की झाल्यावर तिच्यापर्यंत मागे या. दोन हंगाम लागतात. एका झटक्यात मागे आणलेल्या फांद्यांपैकी ज्या गेल्या, त्यांची आठवण मला अजून आहे.

मोठी फांदी काढून टाकायची असेल तेव्हाही ती बुंध्याला चाटून कापू नका. फायरथॉर्नच्या मोठ्या जखमा सावकाश भरतात, आणि उघडं लाकूड भिजत राहिलं तर आतून कुजतं. कुजणं खोडात उतरलं की शेजारच्या, काहीही दोष नसलेल्या फांदीचा पट्टा कापला जातो. बोटाएवढं खुंट ठेवा. झाड वाळणं कुठवर थांबवायचं ते स्वतः ठरवतं आणि तिथे सालीची कड फुगते. वर्षभराने त्या कडेपर्यंत खुंट कोरून काढा, कड धारदार सुरीने साफ करा आणि कट पेस्ट, म्हणजे जखम झाकणारा लेप, लावा.

काट्यांबद्दल एक आडवळण. हात रक्ताळतात म्हणून काही जण सगळे काटे छाटून टाकतात. हे काटे म्हणजे आखूड राहिलेल्या फांद्याच असतात. त्यांच्यावर पानं येतात, फुलांचे डोळेही येतात. जुन्या फांदीवर हीच हिरवी मालमत्ता असते. टोक टोचत असेल तर तेवढंच कापा. नाहीतर चामडी हातमोजे घाला.

पाणसोट वाढू देणं, आतल्या फांद्या अंधारात ठेवणं

बुंध्याच्या तळातून सरळसोट, लुसलुशीत पाणसोट निघतात. झाडाला किती जोम आहे म्हणून आपण खूश होतो. तो जोम वरच्या फांद्यांच्या वाट्याचा असतो. कोवळे असतानाच ते हाताने मुळापासून मोडून काढा. कात्रीने कापले तर उरलेल्या बुडख्यातून पुन्हा चार निघतात. अपवाद एकच, आणि तो शेवटी सांगतो.

वरचा शेंडाही तसाच खादाड. तो दाट झाला की खालच्या फांद्या सावलीत जातात. सावलीने जाणारी फांदी एकदम वाळत नाही: आधी आतली पानं पिवळी पडून गळतात, मग बारीक काड्या मोडायला लागतात आणि शेवटी टोकाला चार पानांचा झुपका तेवढा उरतो. हे सगळं व्हायला दोन-तीन वर्षं लागतात म्हणूनच ते नजरेतून सुटतं. शेंडा विरळ ठेवा, झाड पूर्ण उन्हात ठेवा आणि दर आठवड्याला कुंडी थोडी फिरवा. भिंतीकडच्या फांद्याच आधी वाळतात, हा योगायोग नाही.

फळं धरलेली असताना आणि थंडीत पाण्याची हयगय

फायरथॉर्न सदाहरित आहे. हिवाळ्यात पानं टिकतात, म्हणजे बाष्प जाणंही चालूच राहतं. कडाक्याच्या थंडीत कुंडीतली माती गोठली आणि वर कोरडा वारा आणि ऊन असलं, तर पानं पाणी सोडतात आणि मुळांना ते उचलता येत नाही. वसंतात अशी फांदी ‘थंडीने मेली’ म्हणतात. बहुतेकदा ती तहानेने मेलेली असते. वाऱ्याच्या आडोशाला ठेवा आणि माती गोठलेली नसेल त्या दिवशी पाणी द्या.

फळं भरताना पाण्याची मागणी वाढते. उथळ कुंडी एकदा जरी पूर्ण सुकली, तरी सगळ्यात अशक्त मूळ आणि त्याच्यावर अवलंबून असलेली फांदी मार खाते. माती इतकी सुकली असेल की पाणी वरून ओघळून जातंय, तर झारीचा उपयोग नाही. कुंडी टबात बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा.

लगडलेली फळं बघायला सुंदर दिसतात हे मान्य. पण अशक्त फांदीवर घोस ठेवणं म्हणजे आजाऱ्याच्या डोक्यावर ओझं देणं. अशा फांदीवरचे फुलांचे गुच्छच खुडा. बाकी झाडावरची फळंही हिवाळ्यात मनसोक्त बघून झाली की उतरवून टाका.

वायरिंग

जुनं लाकूड कडक आणि ठिसूळ असतं. वाकवताना ‘कट्’ असा आवाज आला, तर फांदी त्या दिवशी हिरवी दिसली तरी आतून तुटलेली असू शकते. जाड फांदी वळवू नका. दोरीने थोडी थोडी खाली ओढा. वायर फक्त या वर्षीच्या, नुकत्याच कडक होत चाललेल्या फुटव्यांना लावा आणि साल दबायला लागण्याआधी तुकडे करून काढा.

करपा न ओळखणं, किंवा सगळ्यालाच करपा समजणं

एका रोगात मात्र वर सांगितलेला सगळा संयम बाजूला ठेवावा लागतो: फायर ब्लाइट, जिवाणूजन्य करपा. एर्विनिया अमायलोव्होरा हा त्याचा जिवाणू सफरचंद, नाशपाती, कोटोनीॲस्टर आणि फायरथॉर्न या एकाच गोतावळ्याला धरतो. झाडांनाही जिवाणूंमुळे रोग होतात हे पहिल्यांदा दाखवलं गेलं ते याच रोगावर, १८८०च्या सुमारास अमेरिकेत थॉमस बरिल यांनी.

ओळख अशी. सुरुवात फुलांपासून किंवा कोवळ्या शेंड्यापासून होते, तीही उबदार, दमट हवेत. शेंडा मऊ पडून काठीच्या मुठीसारखा वळतो. पानं काळपट होतात पण गळत नाहीत, भाजल्यासारखी लटकत राहतात. वाळणं टोकाकडून बुंध्याकडे वेगाने सरकतं. साल खरवडली तर आत तांबूस-तपकिरी रेघ दिसते, कधी बाहेर चिकट थेंबही येतात.

एकदा आत शिरलेला करपा फवारणीने बरा होत नाही, कापावाच लागतो. बागेतल्या झाडात रोगाच्या रेषेपासून २० ते ३० सेंटिमीटर खाली कापतात. बोन्सायमध्ये कधी कधी अख्खं झाडच तेवढं असतं! तेव्हा त्या फांदीचा मोह सोडून ती मुळापासून काढायची. इथे खुंट ठेवायचं नाही. कोरड्या हवेत कापा, प्रत्येक कापानंतर कात्री ७० टक्के अल्कोहोलने पुसा आणि कापलेला भाग बंद पिशवीत घालून बाहेर काढा. नत्राचा मारा केलेली लुसलुशीत वाढ या जिवाणूला सगळ्यात आवडते. वसंतातलं खत बेताचं ठेवण्याचं हे एक कारण. नवं झाड घेत असाल तर ‘मोहावे’ किंवा ‘टीटन’सारखे प्रतिकारक वाण बघा.

सालीच्या भेगांत पांढरा कापूस दिसला तर तो लोकरी मावा. तो सालीत गाठी करतो आणि त्या गाठींच्या पुढची फांदी खंगत जाते. अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या ब्रशने घासून काढा आणि दर आठवड्याला परत बघा.

फांदी वाळायला लागलीच तर

आधी नखाने साल खरवडा, टोकाकडून बुंध्याकडे येत. हिरवं कुठे लागतं त्या जागी खूण करा. चार दिवसांनी पुन्हा बघा. रेषा झपाट्याने खाली सरकत असेल आणि करप्याची लक्षणं जुळत असतील तर लगेच कापा. रेषा जागेवर असेल तर कात्री ठेवून द्या. मुळांकडून मार बसलेली फांदी कधी कधी पुढच्या वसंतात बुडाशी फुटते, आणि घाईने कापलेली असेल तर तो डोळाही कापला गेलेला असतो.

खत बंद करा. जखमी मुळांना खत म्हणजे मीठ. झाड दुपारच्या उन्हातून आणि वाऱ्यातून हलवा, पण अंधारात नेऊ नका. कुंडीतून काढून मुळं बघायची उबळ येईल. कुजका वास येत नसेल आणि पाणीही साचत नसेल तर ती आवरा.

फांदी खरंच गेली असेल तर तिचा जिन, म्हणजे साल काढून मुद्दाम राखलेलं मेलेलं लाकूड, करता येतो, आणि जुन्या झाडावर तो शोभतोही. लाकूड पूर्ण वाळल्यावर लाइम सल्फर (चुना-गंधकाचं द्रावण) लावा, पुढे वर्षातून एकदा पुन्हा. मातीला लागून असलेलं मेलेलं लाकूड मात्र फार टिकत नाही, तिथली पाणी साचणारी खोबण आधीच कोरून उतरती करा.

आता तो पाणसोटाचा अपवाद. मेलेल्या फांदीच्या पट्ट्यात खाली कुठेही हिरवा फुटवा आला, तर त्याला हात लावू नका, वाकडा-तिकडा, बोजड, कसाही असला तरी. पट्टा जिवंत ठेवण्याचं काम तो करतो. माझ्या डावीकडच्या फांदीच्या जागेखाली दोन बोटांवर असाच एक फुटवा आला. दोन हंगाम तो मोकाट सोडला, तो झाडापेक्षा उंच गेला, झाड बघायला येणारे हसले. तिसऱ्या वर्षी त्याला आखूड केलं, वायर लावली. जुन्या फांदीची जाडी त्याला अजून आलेली नाही, पण गेल्या वसंतात त्याने पहिला फुलांचा गुच्छ धरला. मी तो खुडला.