ग्वाल्हेरहून आग्र्याला जाताय? मग मुघल दरबारातल्या बायकांची सत्ता अशी शोधा

आपल्याकडचे लोक आग्र्याला जातात, ताज बघतात, पेठा घेतात आणि परत. पण १७व्या शतकात दरबारातल्या बायकांचं वजन केवढं होतं हे बघायचं असेल तर घरूनच थोडी तयारी करून निघा, एक दिवस पुरतो, फक्त शुक्रवार टाळा.

आधी कागदावर नाती मांडा, प्लीज हे सोडू नका. नूरजहाँचं जहांगीरशी लग्न १६११ मध्ये, वडील इतिमाद-उद-दौला, भाऊ आसफ खान, आणि आसफ खानाची मुलगी मुमताज, म्हणजे नूरजहाँ तिची सख्खी आत्या. शहाजहान आसफ खानाचा जावई, तर नूरजहाँने आपली पहिल्या लग्नाची मुलगी लाडली दिली शहाजहानच्या सावत्र भावाला, शहरयारला. १६२७ मध्ये जहांगीर गेला आणि आसफ खानाने बहिणीला सोडून जावयाला धरलं, झालं, तिचा कारभार संपला. जिच्या सत्तेत माहेरचा एवढा आधार होता तिला माहेरच्यानेच खाली खेचलं, मला हे दर वेळी लागतं.

मग तिच्या नाण्याचा फोटो मोबाईलमध्ये घेऊन ठेवा. त्यावर फारसीत लिहिलंय की शाह जहांगीरच्या हुकमाने, नूरजहाँ बादशाह बेगमच्या नावामुळे सोन्याला शंभर दागिन्यांची शोभा आली. बादशहाने प्रेमापोटी नाव घातलं असं कोणी म्हणालं तर ऐकू नका, तिच्या शिक्क्याचे हुकूम निघायचे, स्वतःचा व्यापार होता.

आग्र्यात आधी यमुनेपलीकडे इतिमाद-उद-दौलाची कबर बघा. ताजच्या आधीची, नूरजहाँने बांधून घेतलेली, आईवडील शेजारी शेजारी. संगमरवरात बसवलेल्या सुरया आणि सुरूची झाडं अगदी जवळ जाऊन बघा, घाई करू नका.

शेवटी आग्रा फोर्ट स्टेशनजवळची जामा मशीद, १६४८, शहाजहानच्या मुलीने, जहाँआराने बांधलेली. आई मुमताज गेली तेव्हा ती १७ वर्षांची, अर्धी मालमत्ता तिला मिळाली, पुढे सुरत बंदराचं उत्पन्न आणि स्वतःचं जहाजसुद्धा.

परतताना गाडीतून आपला ग्वाल्हेरचा किल्ला दिसेल. जहाँआराचा भाऊ मुराद इथेच कैदेत होता, १६६१ मध्ये इथेच मारला. त्याआधी १६५८ मध्ये, भावाभावांत युद्ध पेटलेलं असताना, जहाँआरा स्वतः औरंगजेबाकडे गेली होती, राज्य वाटून घ्या म्हणून सांगायला.