स्नॉर्केलिंगची तालीम घमेल्यात

मालवणला स्नॉर्केलिंगला, म्हणजे डोळे-नाक झाकणारा मास्क लावून, तोंड पाण्यात ठेवून नळीतून श्वास घेत समुद्रातले मासे पाहायला, जायचं ठरलं की घरात दोन पार्ट्या पडतात. पोरं आत्ताच मास्क मागायला लागतात, आणि आई-काकू "आम्ही बोटीवरूनच पाहू" म्हणून मोकळ्या होतात. विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेला गडीसुद्धा तिथे ऐनवेळी कचरतो. त्याला पोहता येतं, पण तोंड पाण्यात ठेवून नळीतून श्वास घेणं त्याने कधी केलेलं नसतं. ही एक गोष्ट निघायच्या आठ-दहा दिवस आधी घरी घोटून घेतली की बरीचशी भीती गावातच राहते.

त्यासाठी मास्क आणि नळी स्वतःची घ्या. मास्कची कड मऊ सिलिकॉनची हवी. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवा आणि नाकाने हलकेच हवा ओढा. हात सोडल्यावरही तो चिकटून राहिला तर माप बरोबर. केसांची एक बट आत राहिली तरी पाणी झिरपतं. मिशी असेल तर नाकाखाली थोडं व्हॅसलीन लावा. गळतंय म्हणून पट्टा करकचून आवळला तर कड दुमडते आणि जास्तच गळतं. पूर्ण चेहरा झाकणारा मास्क नवख्याने घेऊ नये. घाबरल्यावर नळी तोंडातून थुंकून टाकता येते, तो मास्क पटकन निघत नाही.

पहिले दोन दिवस पाणी नकोच. मास्क लावा, नळी दातात धरा आणि खुर्चीवर बसून पाच-दहा मिनिटं फक्त तोंडाने श्वास घ्या. नाक बंद झालं की जीव घाबरा होतो. ती घालमेल कोरड्यावरच संपवायची. नळीचा रबर कचकचून चावू नका, जबडा दुखतो. तो ओठांनी धरायचा असतो.

तिसऱ्या दिवशी ओट्यावर पाण्याने भरलेलं घमेलं किंवा पोरांचा आंघोळीचा टब ठेवा. बकेट अरुंद पडते, नळी काठाला लागते. चेहरा पाण्यात, नळीचं टोक वर. मनात चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. असे दहा झाले की डोकं वर. बाहेर सोडणं लांब का, तर नळीत साधारण सव्वाशे ते दीडशे मिलिलिटर वापरलेली हवा उरते. आपला नेहमीचा श्वास असतो अर्ध्या लिटरचा. घाबरून भराभर उथळ श्वास घेतले तर बहुतेक तीच हवा आत-बाहेर होते, छाती भरून येते आणि माणसाला वाटतं मास्कमुळेच गुदमरतंय. म्हणून लांब नळी जास्त सुरक्षित, हा समज चुकीचा. 35-40 सेंटिमीटर पुरे.

मग मुद्दाम बिघाड करा. नळीत थोडं पाणी ओतायला सांगा आणि "टू!" असा जोराचा फुंकर मारून ते उडवा. त्यासाठी छातीत थोडी हवा नेहमी शिल्लक हवी. मास्कमध्ये पाणी शिरलं तर वरची कड कपाळाला दाबा, मान थोडी वर करा आणि नाकाने फुंका. पाणी खालून निघून जातं. हे पाच-सहा वेळा जमलं की समुद्रात नाकाशी दोन थेंब आले तरी धांदल उडत नाही.

पुढची तालीम शहरातल्या तरणतलावात, छातीएवढ्या पाण्यात, कोणाला तरी बाजूला उभं करून. शेततळ्यात मात्र अजिबात नाही. प्लास्टिकच्या अस्तरावर शेवाळ धरतं, उतारावर पाय टिकत नाही, आणि पट्टीच्या पोहणाऱ्यालाही काठ चढता येत नाही. कालवा आणि धरणाचं पाणीही नको.

डिसेंबर ते फेब्रुवारीत पाणी बरं असतं, पावसाळ्यात हे बंदच. मालवणजवळच्या कुडाळ स्टेशनवर रात्रभराच्या प्रवासानंतर उतरून लगेच बोटीत चढू नका. एक रात्र झोपा, सकाळी वारा कमी असताना जा, दोन तास आधी हलकं खा. दमा, हृदयाचा त्रास किंवा फिट येत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. साडी, ओढणी नको. लेगिंग आणि पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट बरा. मंगळसूत्र लाइफ जॅकेटच्या पट्ट्यात अडकतं आणि गार पाण्यात बोटं आकसून अंगठी निसटते, म्हणून दागिने खोलीवरच. चष्मा मास्कखाली बसत नाही. नंबरचा मास्क मिळतो. काचेच्या आतून थुंकी चोळून धुतली की वाफ धरत नाही. हे ऐकून नाक मुरडणारेही बोटीवर तेच करतात.

लाइफ जॅकेट घातल्यावर कोणाला तरी खांदे धरून वर ओढायला सांगा. ते कानापर्यंत सरकलं तर ढिलं आहे. खारं पाणी तसंही 60 किलोच्या माणसाला विहिरीपेक्षा दीडेक किलो जास्त उचलून धरतं.

खुणा आधीच ठरवा. पाण्यात अंगठा वर म्हणजे "वर चला". "ठीक आहे"साठी अंगठा आणि तर्जनीचा गोल. बोटीची शिडी धरूनच तोंड पाण्यात घाला, घमेल्यातले तेच दहा श्वास घ्या, मगच हात सोडा. उभं राहून सायकल मारल्यासारखे पाय चालवले की दम लागतो. आडवं पडा, बाकी गाइड ओढतो. घाबरलात तर पाठीवर वळा, जॅकेट तरंगत ठेवतं. बोटीवरच्यांनी "काई नाई होत, जाय!" म्हणून ढकलायचं नाही. "दहा श्वास घे अन् वर ये, मी अठीच आहो," एवढं म्हटलं तरी माणूस उतरतो.

सिंधुदुर्ग किल्ल्याजवळचं पाणी फोटोतल्यासारखं निळंशार नसतं, हिरवट असतं. चार-पाच मीटर दिसलं तरी छान. प्रवाळावर पाय ठेवू नका, माशांना ब्रेड टाकू नका. हा भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. मास्कमधून मासा एक-तृतीयांश मोठा दिसतो, तळही आहे त्याहून जवळ वाटतो. आणि खरी गडबड होते ती पहिला मासा दिसल्यावर. माणूस श्वास रोखतो, मग "अरे बापरे" म्हणायला तोंड उघडतो, नळी सुटते आणि घोटभर खारं पाणी पोटात. मासा दाखवायचा तर बोट करा, बोलायचं वर आल्यावर.