मोठा प्लॅन शीटवर तोडण्याआधीची तयारी

मोठ्या इमारतीचा प्लॅन एका शीटवर मावत नाही, तेव्हा तो अनेक शीटवर तोडावा लागतो. त्यासाठी सॉफ्टवेअर उघडण्याआधी वही घ्या आणि कागदाचं गणित मांडा. उदाहरणाला गोकुळ शिरगाव एमआयडीसीतली एखादी आरसीसी इमारत धरू: १२० मीटर लांब, ४२ मीटर रुंद, लांबीत कॉलम दर साडेसात मीटरवर, म्हणजे कॉलमच्या रेषा (ग्रिड) १ ते १७, आणि रुंदीत ए ते जी. १:१०० ला ही लांबी कागदावर १२०० मिमी होते. ए० कागद ११८९ मिमीचा असतो, त्यामुळे तो पर्याय तिथेच संपतो. आणि बसला असता तरी जून-जुलैच्या वाऱ्यापावसात साइटवर ए० उघडून धरायला दोन माणसं लागतात. म्हणून ए१ धरा.

ए१ म्हणजे ८४१ × ५९४. फाईलसाठी डावीकडे २० मिमी आणि बाकी तिन्ही बाजूंना १० मिमी समास सोडला की ८११ × ५७४ उरतं. उजवीकडची टायटल ब्लॉकची (कामाचं नाव, शीट नंबर वगैरेची) १८० मिमीची पट्टी वजा केली की चित्राला ६३१ × ५७४ मिळतात. रुंदीचे ४२० मिमी आणि वर-खाली मापांच्या ओळी व ग्रिडचे गोल यांना प्रत्येकी ५० धरले की ५२० होतात, म्हणजे उंचीत बसलं. लांबीत मात्र दोन शीटचा मोह टाळा. ग्रिड ९ वर मधोमध तोडलं तर ६०० मिमी चित्र, ५० मिमी बाहेरची मापं आणि ३७.५ मिमी ओव्हरलॅप (दोन्ही शीटवर दिसणारा सामाईक भाग) मिळून ६८७.५ होतात. बसत नाही, आणि मग कोणीतरी मापांच्या ओळी आत दाबून बसवतो. तीन शीट घ्या.

तोडायचं कुठे, याला सगळ्यात जास्त वेळ द्या. काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार (आयएस ४५६) ४५ मीटरपेक्षा लांब आरसीसी इमारतीला सहसा एक्स्पान्शन जॉइंट, म्हणजे प्रसरणासाठीची फट, द्यावा लागतो. आपल्या उदाहरणात ते ग्रिड ६ आणि १२ वर येतात आणि ३७.५, ४५ व ३७.५ मीटरचे तीन ब्लॉक होतात. मॅचलाइनला, म्हणजे दोन शीट जिथे जुळतात त्या रेषेला, याहून चांगली जागा नाही, कारण बीम, स्लॅब, सळई यांतलं काहीच जॉइंट ओलांडत नाही. रेषा कॉलमच्या जोडीमधल्या फटीतून न्या. जॉइंट नसेल तर दोन ग्रिडच्या मधोमध तोडा, ग्रिडवर तोडू नका. ग्रिडवर तोडलं की प्रत्येक कॉलम आणि त्याखालचं फुटिंग अर्धं इकडे, अर्धं तिकडे जातं आणि सळया वाकवणाऱ्या बार बेंडरला दोन कागद जुळवत बसावं लागतं. जिना, लिफ्ट, टॉयलेट आणि डक्ट कधीही कापू नका. रेषेला काटकोनात वळसा द्या. एकदा ठरलेली रेषा सगळ्या मजल्यांना आणि स्ट्रक्चर, प्लंबिंग, इलेक्ट्रिकल या सगळ्यांच्या ड्रॉइंगला तीच. म्हणून ती ग्रिडच्या फाइलमध्येच काढा आणि ती फाइल सगळ्यांना एक्सरेफ (आपल्या ड्रॉइंगला बाहेरून जोडायची फाइल) म्हणून द्या: ओव्हरले प्रकारची, रिलेटिव्ह पाथवर.

ओव्हरलॅप अर्ध्या बेचा (बे म्हणजे दोन कॉलममधलं अंतर), म्हणजे ३.७५ मीटर पुरे. रेषेपलीकडचा हा भाग फिकट आणि मुका ठेवा: फक्त भिंती आणि कॉलमची बाह्यरेषा. दार-खिडक्यांचे नंबर, कॉलमचे नंबर, खोल्यांची नावं रेषेच्या आपल्या बाजूलाच. हे पाळलं नाही तर एस्टिमेट करणारा ओव्हरलॅपमधली दारं दोनदा मोजतो आणि ती चूक थेट ऑर्डरमध्ये उतरते. मापांच्या ओळीही जॉइंटपाशी थांबवा. मॅचलाइन ओलांडणारं माप दोन्ही शीटवर अर्धवट दिसतं, आणि आकडा नेमका कुठल्या बाजूला पडेल याचा भरवसा नसतो.

ऑटोकॅडमध्ये मॉडेल एकच आणि खऱ्या मापात ठेवा. मॉडेलचे तुकडे करून वेगळ्या फाइली कधीच करू नका. आधी एक लेआउट (छापायच्या शीटचं पान) पूर्ण करा: पेज सेटअप, टायटल ब्लॉक, प्रिंट न होणाऱ्या लेयरवर व्ह्यूपोर्ट (मॉडेल दाखवणारी चौकट), स्केल १:१००. मग त्या लेआउटच्या दोन प्रती करा आणि प्रतींमध्ये झूम न करता फक्त आडवं पॅन करा. असं केलं की ग्रिड ए तिन्ही शीटवर खालच्या समासापासून सारख्याच उंचीवर राहते आणि शीट शेजारी लावले की जुळतात. पॅन झाल्या झाल्या व्ह्यूपोर्ट लॉक करा. लॉक नसेल आणि आत माउसचं चाक जरासं फिरलं, तर १:१०० चं १:९७ होतं. मापांचे आकडे बरोबरच राहतात, त्यामुळे ऑफिसात कोणाला कळत नाही. साइटवर कोणी कागदावर स्केलपट्टी लावली की फरक बाहेर येतो. रेषेला वळसा असेल तर पॉलिगोनल व्ह्यूपोर्ट लागेल. तुटक रेषांचं प्रमाण सांभाळणारं पीएसएलटीस्केल १ ठेवून रीजेनऑल (सगळं नव्याने काढायची कमांड) द्या, नाहीतर एका शीटवर तुटक दिसणारी रेषा दुसऱ्यावर सलग दिसते. एखादं अक्षर एकाच शीटवर हवं असेल तर त्याला वेगळा लेयर देऊन बाकीच्या व्ह्यूपोर्टमध्ये तो व्हीपी फ्रीझ करा (त्या चौकटीपुरता लपवा).

प्लॉट रस्त्याला तिरका असेल तर इमारत सरळ दिसावी म्हणून मॉडेल फिरवू नका. टोटल स्टेशन या मोजणीयंत्राने केलेल्या सर्व्हेचे कोऑर्डिनेट त्यात असतात, आणि लाइनआउट (जमिनीवरची आखणी) त्यांच्यावरूनच होणार असतो. व्ह्यूपोर्टच्या आत यूसीएस (अक्षांची दिशा) फिरवून प्लॅन कमांड द्या, आणि उत्तरदिशेचा बाण त्याप्रमाणे फिरलाय ना ते पाहा.

रेव्हिटवाल्यांचं काम हलकं आहे, पण क्रम महत्त्वाचा. पालक व्ह्यूमध्ये, म्हणजे अख्ख्या प्लॅनच्या व्ह्यूमध्ये, आधी मॅचलाइन काढा, मग त्याचे तीन डिपेंडंट व्ह्यू (त्याच्याशी जोडलेले उपव्ह्यू) करून प्रत्येकाला आपापला स्कोप बॉक्स (किती भाग दिसेल ते ठरवणारी चौकट) लावा. एक मजला मनासारखा झाला की अप्लाय डिपेंडंट व्ह्यूज वापरून तीच विभागणी इतर मजल्यांना द्या. शीटवर एका उंचीला बसवायला गाइड ग्रिड आहे. ॲनोटेशन क्रॉपवर (मजकूर आणि टॅग कुठवर दिसतील त्या सीमेवर) नीट लक्ष ठेवा: त्याच्या कडेला टेकलेला टॅग अर्धा कापला जात नाही, सबंध गायब होतो. शेजारच्या शीटचा नंबर हाताने न लिहिता व्ह्यू रेफरन्सने द्या, म्हणजे नंबर बदलला की तोही बदलतो.

ऑटोकॅडमध्ये मॅचलाइनच्या दोन्ही अंगांना काय लिहायचं ते शीटचे नंबर ठरल्यावरच लिहा. एआर-१०१ हा तळमजल्याचा एकसंध प्लॅन. तो १:२०० ला ६०० मिमी होतो आणि ग्रिडच्या गोलांना व मापांना जागा उरत नाही, म्हणून १:२५० घ्या. त्यात फक्त ग्रिड, एकूण मापं, मॅचलाइन आणि भागांची नावं. एआर-१०१-१, -२ आणि -३ हे त्याचे भाग. पहिल्या मजल्याला १०२. प्रत्येक भागावर टायटल ब्लॉकच्या वर की प्लॅन (हा भाग इमारतीत कुठे आहे ते दाखवणारा छोटा नकाशा) हवाच. १:२००० ला तो ६० × २१ मिमीचा होतो. त्यात आपला भाग हॅच करा, म्हणजे रेघांनी भरा. लेआउटची प्रत केल्यावर हॅच बदलायचा राहून जाणं नेहमीचं आहे, म्हणून तिन्ही की प्लॅन एकापाठोपाठ एक उघडून तपासा. टायटल ब्लॉकमध्ये मराठी मजकूर असेल तर तो युनिकोड फाँटमध्येच टाका. जुन्या बिगर-युनिकोड फाँटमधली अक्षरं, तो फाँट नसलेल्या कॉम्प्युटरवर नुसती चिन्हं होऊन उघडतात.

पक्की प्रिंट काढण्याआधी तिन्ही शीट ए३ वर काढा. ए१ चा ए३ म्हणजे लांबी-रुंदी निम्मी, म्हणून स्केल १:२०० होतं. मॅचलाइनवर कापून चिकटपट्टीने जोडा, ग्रिड ए ते जी सरळ रेषेत येतात का पाहा, आणि जॉइंटच्या दोन्ही बाजूंच्या मापांची बेरीज १२० मीटर भरते का ते मोजा. मग ए१ ची पीडीएफ देताना प्लॉटरवाल्याला ‘ॲक्च्युअल साइज, १०० टक्के’ असं लिहूनच द्या. ‘फिट’ वर टिक राहिली की चित्र थोडंसं आकसतं आणि डोळ्यांना कळत नाही. दुकानातून निघण्याआधी पट्टी लावा: साडेसात मीटरचा एक बे ७५ मिमी भरलाच पाहिजे. प्रत्येक शीटवर आलेखी स्केलपट्टीही असू द्या, म्हणजे झेरॉक्स लहान झाली तरी प्रमाण कळतं.

दुरुस्ती आली की आधी पाहायचं ते ती ओव्हरलॅपमध्ये पडते का. पडत असेल तर शेजारचं शीटही नव्या रिव्हिजन नंबरने त्याच दिवशी साइटवर पाठवा, आणि दोन्हींच्या जुन्या प्रती मिस्त्रीकडून परत घ्या.