पुराचं पाणी कुठवर आलं? मोबाइलवरच्या सर्वेक्षणातल्या नव्या सोयी कशा वापरायच्या

सर्वेक्षणाच्या सॉफ्टवेअरमध्ये काही नवं आलं की मला फोन येतो, "ताई, हे घ्यायचं का?" माझं उत्तर ठरलेलं आहे. दारात उभ्या असलेल्या माणसाने जे सांगितलं ते तक्त्यापर्यंत न बदलता पोचायला जी सोय मदत करते, ती लगेच शिकून घ्या. जिच्यामुळे फक्त अहवाल देखणा होतो, तिला थांबू द्या.

मी बडोद्यात घरोघरी जाऊन माहिती गोळा करणाऱ्या गटांना शिकवते. खालचं सगळं मी एकाच विषयाला धरून सांगणार आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं, त्यात घरांचं काय नुकसान झालं हे मोजायचं आहे. तुमचा विषय दुसरा असला तरी कामाचा क्रम हाच राहील.

साधन म्हणून ओडीके किंवा कोबोटूलबॉक्स घ्या; फोनवर प्रश्नावली भरून घेण्याची ही सॉफ्टवेअर आहेत. ओडीकेची सुरुवात २००८ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात झाली, कोबो हार्वर्डच्या मानवतावादी मदतीवर काम करणाऱ्या केंद्रातल्या लोकांनी त्याच पायावर उभं केलं. दोन्ही मुक्तस्रोत आहेत, अँड्रॉइड फोनवर नेटशिवाय चालतात आणि दोघांचाही फॉर्म एकाच प्रकारच्या एक्सेल फाइलमधून तयार होतो. गूगल फॉर्म्स लोकांनी स्वतः भरण्यापुरते ठीक आहेत, पण वडसरच्या आतल्या रस्त्यावर नेट गेलं की काम थांबतं. सरकारी सर्वेक्षणांनीही कागद केव्हाच सोडला आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची २०१५-१६ ची चौथी फेरी छोट्या नोटबुक संगणकांवर झाली आणि २०१७ मध्ये सुरू झालेलं श्रमबल सर्वेक्षणही कागदाऐवजी टॅब्लेटवर होतं.

फॉर्म उघडण्याआधी

एका कोऱ्या कागदावर शेवटचा तक्ता आखा. आडव्या ओळींत शहरातले विभाग: परशुराम भट्टा, समा, वडसर, कारेलीबाग. उभ्या रकान्यांत घरात पाणी शिरलेली कुटुंबं, पाण्याची उंची, बिघडलेल्या वस्तू, घरी परतायला लागलेले दिवस. ज्या प्रश्नाला या तक्त्यात जागा नाही तो विचारूच नका. चिखल काढून थकलेल्या घरात चाळीस प्रश्न घेऊन जाणं मला योग्य वाटत नाही.

मग एक्सेलची फाइल. तिच्यात तीन पानं असतात: सर्व्हे, चॉइसेस आणि सेटिंग्ज. सर्व्हेच्या पानावर प्रत्येक प्रश्नाची एक ओळ, आणि टाइप (प्रश्नाचा प्रकार), नेम (त्याचं छोटं नाव), लेबल (पडद्यावर दिसणारा मजकूर) हे तीन स्तंभ. स्तंभांची नावं रोमन लिपीतच टाइप करावी लागतात. याखेरीज तीन स्तंभ पहिल्या दिवशीच शिका. रिलेव्हंट म्हणजे प्रश्न केव्हा दिसावा याची अट: पाणी घरात शिरलंच नसेल तर उंचीचा प्रश्न दिसणार नाही. कन्स्ट्रेन्ट म्हणजे कोणतं उत्तर चालेल याची मर्यादा. चॉइस फिल्टर म्हणजे आधी विभाग निवडला की त्याच विभागातल्या सोसायट्या समोर येणं; दोनशे नावांच्या यादीत बोट फिरवत बसावं लागत नाही आणि चुकीच्या सोसायटीवर टिचकीही पडत नाही.

एक प्रश्न नीट घडवू या

"पाणी किती आलं?" हा प्रश्न सोपा वाटतो, पण त्याला उत्तरं मिळतात गुडघाभर, कंबरभर, पार वरपर्यंत. गुडघा कोणाचा? मोजायचं रस्त्यापासून, ओट्यापासून की आतल्या फरशीपासून? ही उत्तरं एका स्तंभात टाकली तर सरासरीला काही अर्थ राहत नाही, आणि कोणतंही सॉफ्टवेअर ती नंतर दुरुस्त करू शकत नाही.

म्हणून याचे चार प्रश्न करा. पाणी घराच्या आत शिरलं का? आतल्या भिंतीवर पाण्याची खूण अजून दिसते का? दिसत असेल तर फरशीपासून खुणेपर्यंत टेपने मोजलेली उंची, इंचांत. खूण पुसली असेल तर घरातल्या माणसाला भिंतीवर हात ठेवून दाखवायला सांगा आणि तिथपर्यंत टेप लावा. खुणेवरून घेतलेली आणि हाताने दाखवलेली उंची दोन वेगळ्या स्तंभांत राहू द्या, कारण दोघींची खात्री सारखी नाही. खुणेचा फोटोही घ्या.

मर्यादा घालताना घाई नको. शून्य ते १२० इंच अशी मर्यादा घातली की ४० च्या जागी ४०० पडणार नाही. पण ४ पडलं तर ते आत सहज बसतं. त्यासाठी कॅल्क्युलेशनचा स्तंभ वापरा: इंचांचे फूट करून पुढच्या पडद्यावर एक टीप दाखवा, "म्हणजे फुटाचा साधारण तिसरा भाग, बरोबर?" ती मोठ्याने वाचली की घरातलीच कोणीतरी म्हणते, अहो नाही, फ्रिजच्या अर्ध्यापर्यंत होतं. हे छोटं वाचन मला सगळ्या दिखाऊ सोयींपेक्षा मोलाचं वाटतं.

तारखांचंही तसंच आहे. घरी कोणत्या दिवशी परतलात हे वर्ष उलटल्यावर कोणाला आठवणार? पण २०२४ मध्ये जन्माष्टमी २६ ऑगस्टला होती आणि गणपती ७ सप्टेंबरला बसले. पर्याय असे द्या: जन्माष्टमीनंतर दोन-तीन दिवसांत, त्यानंतर पण गणपती बसण्याआधी, गणपतीत, विसर्जनानंतर. आपल्या मराठी घरांत तर गणपती कुठे बसवला, स्वतःच्या घरी की नातेवाइकांकडे, यावरून बाकीचं आपोआप आठवत जातं.

नुकसानीचा एकूण आकडा विचारू नका. बिगिन रिपीट (तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारण्याची सोय) वापरून वस्तू एकेक करून नोंदवा: फ्रिज, वॉशिंग मशीन, गाद्या, वर्षाचं धान्य, स्कूटर. प्रत्येकीला एकच प्रश्न: दुरुस्त झाली, टाकली, की तशीच वापरात आहे?

भाषेसाठी लेबलचे तीन स्तंभ करा, मराठी, गुजराती आणि हिंदी. फोनवर एका टिचकीने भाषा बदलते आणि उत्तराचा कोड तोच राहतो. यंत्राने केलेलं भाषांतर फक्त कच्चा खर्डा समजा. त्या भाषेत घरी बोलणाऱ्या बाईंना तो मोठ्याने वाचायला लावा. जिथे त्या अडखळतील तिथलं वाक्य बदला.

दारात

संमतीचा मजकूर फॉर्मचा पहिला प्रश्न म्हणून ठेवा. त्यात हे स्पष्ट असावं की या सर्वेक्षणातून सरकारी मदत मिळणार नाही आणि नकार दिल्याने कोणाचं नाव कुठून कापलं जाणार नाही. पुरानंतर हातात फोन घेऊन आलेल्या प्रत्येकाकडे लोक आशेने बघतात. ती आशा खोटी ठरवणारं सर्वेक्षण पुढच्या दहा जणांचे दरवाजे बंद करतं.

आता नव्या सोयींकडे येते. ऑडिट चालू केलं की प्रत्येक प्रश्नावर किती सेकंद गेले, आणि बदल टिपण्याचा पर्याय निवडला असेल तर कोणतं उत्तर मागे जाऊन बदललं, हे नोंदलं जातं. रोज संध्याकाळी ही नोंद बघा. संमतीचा मजकूर चार सेकंदांत संपला असेल तर तो वाचलाच गेला नाही. ही नोंद पहारा म्हणून वापरू नका. माहिती भरणाऱ्या मुलीला बोलावून तो भाग तुमच्यासमोर वाचायला सांगा. बहुतेक वेळा मजकूरच लांब निघतो.

लास्ट सेव्हड या सोयीने मागच्या फॉर्ममधलं उत्तर नव्या फॉर्ममध्ये आधीच भरलेलं येतं. विभागाचं आणि सर्वेक्षकाचं नाव, एवढ्यापुरतीच ती ठेवा. घरातल्या माणसाच्या उत्तरासाठी कधीच नको, कारण आधीच भरलेलं उत्तर पुसून नवं लिहायचा कंटाळा माणूस करतोच.

जीपीएसचं ठिकाण ओडीकेमध्ये अचूकता पाच मीटरपर्यंत आली की आपोआप टिपलं जातं. मांडवीजवळच्या पोळांत, म्हणजे जुन्या अरुंद गल्ल्यांत, दोन्ही बाजूंना उंच जुनी घरं असताना, पाच मीटर लवकर मिळत नाहीत आणि दारात ताटकळावं लागतं. पॅरामीटर्सच्या स्तंभात ती मर्यादा दहा करता येते. तेवढी पुरे आहे.

ध्वनिमुद्रण मी फक्त एका मोकळ्या प्रश्नासाठी ठेवते: "पुन्हा असं पाणी येण्याआधी तुम्हाला काय हवं आहे?" त्याची संमती वेगळी घ्या. बोललेलं शब्दांत उतरवून देण्याची आणि भाषांतराची सोय कोबोमध्येच आहे. पण आपल्याकडे एका वाक्यात मराठी, गुजराती आणि हिंदी तिन्ही येतात, म्हणून उतरवलेला मजकूर मूळ आवाज ऐकत तपासावा लागतो. त्याचा वेळ कामाच्या वेळापत्रकात आधीच धरा.

सगळ्यात उपयोगी नवी सोय मात्र ओडीकेमधल्या एन्टिटीजची आहे, आणि तिच्याकडे फार कमी गट वळतात. समजा सहा महिन्यांनी त्याच घरांत परत जायचं आहे. पूर्वी याद्या छापायच्या, नावं जुळवायची, त्यात "पाटील, दुसरा मजला" दोन निघायचे. आता एक्सेलमध्ये एन्टिटीज नावाचं चौथं पान जोडायचं आणि सर्व्हेच्या पानावर सेव्ह टू या स्तंभात लिहायचं की कोणती उत्तरं घराच्या नोंदीत साठवायची. दुसऱ्या फेरीच्या फॉर्ममध्ये ती घरं यादी म्हणून दिसतात. घर निवडलं की मागची उंची, मागच्या वस्तू समोर येतात आणि थेट विचारता येतं, "फ्रिज तेव्हा बंद होता, आता चालू आहे का?" ओडीकेमध्ये हे नेट नसतानाही चालतं. घराला नावाऐवजी एक क्रमांक द्या, म्हणजे भाडेकरू बदलले तरी गोंधळ होत नाही.

माहिती हातात आल्यावर

फाइल उतरवून एक्सेलमध्ये सरळ उघडली की देवनागरीच्या जागी विचित्र चिन्हं दिसू शकतात. माहिती खराब झालेली नसते. डेटा या टॅबमधून मजकूर किंवा सीएसव्ही आणण्याचा पर्याय घ्या आणि लिपीच्या खान्यात ६५००१ युनिकोड निवडा. तिथेच घरक्रमांकाचा स्तंभ मजकूर म्हणून ठेवा, नाहीतर ००७ चं ७ होतं.

आता वजनांचं काम, म्हणजे एक उत्तर किती घरांच्या वतीने मोजायचं ते ठरवणं, ज्यावर बहुतेक छोटे अहवाल कोसळतात. समजा नमुन्यात एक बंगला आला आणि एक बारा फ्लॅटची इमारत आली, आणि इमारतीतून चिठ्ठी टाकून एकच फ्लॅट निवडला. बंगल्यात पाणी शिरलं, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये शिरलं नाही. सरळ मोजलं तर निम्मी घरं बुडाली. पण तो फ्लॅट बारा घरांच्या वतीने बोलतो आहे. वजन धरलं तर अंदाज तेरांपैकी एक, म्हणजे सुमारे ८ टक्के. दोन घरांवरून निष्कर्ष काढायचा नसतोच, पण फरक किती मोठा होतो ते बघा. म्हणून "या इमारतीत एकूण किती कुटुंबं राहतात?" हा प्रश्न फॉर्ममध्ये हवाच, तो राहिला तर वजन नंतर कुठूनही आणता येत नाही.

दुसरी गोष्ट शेजाऱ्यांची. एका गल्लीत पाणी सगळ्यांकडे सारखंच येतं, म्हणून तिथली दहा घरं दहा वेगळ्या बातम्या देत नाहीत. संख्याशास्त्रज्ञ लेस्ली किश यांनी यासाठी साधं सूत्र दिलं: एका गल्लीतल्या घरांच्या संख्येतून एक वजा करा, उरलेल्याला साम्याच्या गुणांकाने (एका गल्लीतली घरं एकमेकांसारखी किती, हे सांगणारा आकडा; अगदी सारखी असली तर १) गुणा आणि एक मिळवा. गल्लीमागे १० घरं आणि साम्य ०.१ धरलं तर उत्तर १.९; ४०० ला त्याने भागलं की ४०० मुलाखतींची किंमत सुमारे २१० इतकीच. गल्ल्या दुप्पट करून प्रत्येकीतली ५ घरं घेतली तर १.४, आणि त्याच ४०० मुलाखती २८६ च्या मोलाच्या होतात. पुराच्या बाबतीत साम्य याहून जास्तच असतं. म्हणून चालणं वाढलं तरी जास्त गल्ल्या घ्या.

हे हिशोब आर या मोफत भाषेतल्या सर्व्हे नावाच्या पॅकेजमध्ये होतात. थॉमस लम्ली यांनी ते लिहिलं. नमुना कसा काढला हे त्याला एकदा सांगायचं: गल्ली कोणता स्तंभ, विभाग कोणता, वजन कोणतं. पुढची प्रत्येक टक्केवारी आणि तिची त्रुटी तो ते धरूनच काढतो. आज्ञा लिहायला सुचत नसतील तर कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत खुशाल घ्या, पण एक टक्केवारी हाताने काढून पडताळा.

मोकळ्या उत्तरांचं वर्गीकरण कृत्रिम बुद्धिमत्तेकडून करून घेताना मात्र आधी शंभर उत्तरं गटातल्या दोघींनी वेगवेगळी वाचून गट पाडा. मग तीच शंभर यंत्राला द्या. तुम्हा दोघींचं आपसात जेवढं जुळतं, जवळपास तेवढं यंत्राशी जुळलं तरच बाकीची त्याला द्यायची. नावं आणि फोन नंबर आधी काढा. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचं भान इथे ठेवायचं. "नाल्याची भिंत" आणि "नाल्याची सफाई" या मागण्या यंत्राने एका गटात टाकल्या तर त्या हाताने वेगळ्या करा. महापालिकेकडे जाताना त्या दोन निरनिराळ्या मागण्या असतात.

अहवाल देताना घराचं नेमकं जीपीएस ठिकाण काढून फक्त विभाग ठेवा. तक्त्याच्या एखाद्या चौकोनात पाचपेक्षा कमी घरं असतील तर तो शेजारच्या विभागात मिळवा. आणि ज्या सोसायट्यांनी दार उघडलं त्यांच्या सूचनाफलकावर त्यांच्या विभागाचं एक पान, तिन्ही भाषांत, अहवाल वर जाण्याआधी लावा.