बाळासाठी इच्छांचं चित्रपुस्तक: लिहिण्यापासून छपाईपर्यंत

बारशाला किंवा पहिल्या वाढदिवसाला आईबाबांनी स्वतः केलेलं चित्रपुस्तक द्यायचं ठरलं, की लोक आधी कागद आणि रंग आणायला धावतात. पण असं पुस्तक फसतं ते बहुधा शब्दांत. म्हणून पहिले काही दिवस फक्त लिहिण्यासाठी ठेवा.

आईने आणि बाबांनी वेगवेगळ्या कागदांवर, एकमेकांना न दाखवता, बाळाच्या पुढच्या आयुष्यासाठी प्रत्येकी वीसेक इच्छा लिहाव्यात. मग दोन्ही याद्या शेजारी ठेवून काटछाट करायची. आधी पदव्या आणि पेशे जातात: डॉक्टर, कलेक्टर, परदेशातली नोकरी. मग ज्यांत मुलापेक्षा आईबाबाच मोठे दिसतात त्या इच्छा: 'आमचं नाव काढ', 'आम्हाला जमलं नाही ते तू कर'. या भावना खऱ्या असतात, पण सहा-सात वर्षांचं मूल त्या स्वतः वाचायला लागलं की त्याला ते ओझं वाटू शकतं.

शेवटची कात्री मोठ्या शब्दांवर. प्रामाणिकपणा, धाडस, माणुसकी यांचं चित्र निघत नाही. प्रत्येक गुणाची एक कृती शोधा, जी मूल करताना दिसेल. 'प्रामाणिक हो' याऐवजी 'सापडलेली पेन्सिल कुणाची, हे वर्गभर विचारत फिरशील'. 'निसर्गावर प्रेम कर' याऐवजी 'गोगलगाय वाट ओलांडेपर्यंत थांबशील'. 'धाडसी हो' याऐवजी 'नाक धरशील, डोळे मिटशील, पण विहिरीत उडी मारशील'. अशी इच्छा मुलाला काय बनायचं ते सांगत नाही, कसं जगता येईल ते दाखवते. आमच्या मते या पुस्तकाचं सगळं मर्म या एका कामात आहे. इथे घाई करू नका.

क्रियापदाचं रूप सुरुवातीलाच ठरवा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. 'हो, कर, जा' ही आज्ञा पानोपानी आली की पुस्तक उपदेशासारखं वाजतं. 'होवो, मिळो' गोड आहे, पण सलग वापरलं तर शुभेच्छापत्र होतं. 'करशील, जाशील, पाहशील' सगळ्यात चांगलं: त्यात विश्वास आहे. शिवाय या रूपात लिंग येत नाही, त्यामुळे बाळ जन्मायच्या आधीही पुस्तक लिहून ठेवता येतं आणि पुढे धाकट्या भावंडालाही तेच चालतं. फक्त 'पडलास', 'दमलीस' अशी भूतकाळी रूपं टाळा. 'पाय दुखतील', 'दमायला होईल' असं वळवून घ्या.

एका इच्छेला १५ ते २५ शब्द पुरेत. पूर्ण पुस्तक अडीचशे शब्दांच्या आत राहिलं तर चित्रं पाहत, थांबत वाचलं तरी एका बैठकीत संपतं. यमक ओढूनताणून जुळवू नका. लय हवीच असेल तर पाळण्याची रचना उसनी घ्या: बारशाच्या पाळण्यात 'पहिल्या दिवशी, दुसऱ्या दिवशी' अशी कडवी पुढे सरकतात, तसं 'पहिल्या वर्षी, दुसऱ्या वर्षी' म्हणत मुलाचं वय वाढवत नेता येतं. ओवीही सोयीची, कारण तिच्यात अक्षरसंख्येची सक्ती नाही. पहिले तीन चरण जुळतात आणि चौथा आखूड, मोकळा राहतो. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं, त्याचा पान उलटताना उपयोग करा. 'आणि त्या सगळ्यात उंच फांदीवर तू...' इथे उजवं पान संपवा. पुढे काय होतं ते मुलाला पान उलटल्यावर कळू दे.

पानांचा हिशोब

सेंटर पिन, म्हणजे मधल्या घडीवर पिना मारलेल्या पुस्तकाची पानं चारच्या पटीत लागतात. आतली २४ पानं आणि वेगळं मुखपृष्ठ हे माप घरच्या पुस्तकाला उत्तम. पान १ वर नाव, पान २ ते २३ मध्ये समोरासमोरच्या पानांच्या ११ जोड्या, म्हणजे ११ इच्छा, आणि पान २४ वर तारीख व कुणी लिहिलं-रंगवलं ते. पहिल्या दोन-तीन जोड्या घरातल्या ठेवा, मग अंगण, शाळा, नदी, अनोळखी शहर. आठव्या-नवव्या जोडीवर एक अवघड प्रसंग हवाच: हरवणं, हरणं, मित्राशी भांडण. तो नसेल तर बाकीच्या इच्छा खोट्या वाटतात.

रंगवण्याआधी सहा कोरे कागद दुमडून, एकात एक घालून नमुना प्रत बनवा. तिच्यात पेन्सिलीने ठोकळ चित्रं आणि मजकूर टाका आणि मोठ्याने वाचा. जिथे जीभ अडखळते तिथे वाक्य तोडा.

चित्रं

मूल प्रत्येक पानावर ओळखू आलं पाहिजे. एका वेगळ्या कागदावर त्याचे केस, कपडे, उंची समोरून, बाजूने आणि पाठमोरी काढून ठेवा आणि तो कागद समोर ठेवूनच रंगवा. त्वचेचा रंग घरातल्या माणसांचाच असू दे, उजळवू नका. चित्र नीट जमत नसेल तर रंगीत कागद आणि जुन्या साड्यांचे तुकडे कापून चिकटवा. अनुभव नसलेल्या हातांना हे जलरंगांपेक्षा खूप सोपं जातं. जलरंगच वापरायचे तर ३०० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन; आकडा मोठा तसा कागद साधारण जाड) कागद घ्या आणि चारही कडा मास्किंग टेपने पाटाला चिकटवा, नाहीतर कागद फुगतो. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरची तयार चित्रंही वापरता येतात. तिथलं साहित्य मुक्त परवान्याखाली आहे, पण चित्रकाराचं नाव द्यावंच लागतं. पान २४ त्यासाठी आहे.

स्कॅन ३०० डीपीआयवर (दर इंचाला ३०० ठिपके) करा. मोबाइलने फोटो काढायचा तर दिवसा खिडकीपाशी, थेट ऊन नसताना, फ्लॅश बंद ठेवून आणि कॅमेरा कागदाला समांतर धरून. रात्री बल्बच्या उजेडात काढलेल्या फोटोत पांढरं पिवळं येतं आणि ते छपाईत आणखी खुपतं.

मांडणी

८ बाय ८ इंच आकार घ्या. उघडल्यावर तो १६ बाय ८ होतो आणि डिजिटल प्रेसच्या १२ बाय १८ इंची शीटवर आरामात बसतो. आतल्या २४ पानांना दोन्ही बाजूंनी छापलेल्या सहा शीट लागतात, मुखपृष्ठाला एक. चित्र चारही बाजूंना ३ मिलिमीटर जास्त ठेवा (यालाच ब्लीड म्हणतात), नाहीतर कापणी किंचित सरकली की कडेला पांढरी रेघ उरते. मजकूर कडेपासून १० मिलिमीटर आत हवा. चेहरा मधल्या घडीवर कधीच नको. दोन्ही पानांवर पसरलेलं एकच मोठं चित्र करायचं असेल तर ते १२-१३ पानांवर ठेवा. तेवढीच जोडी एका अखंड कागदावर येते. इतर जोड्यांत दोन्ही पानं वेगळ्या कागदांवर छापली जातात, त्यामुळे क्षितिजाची रेघ थोडी वरखाली होते.

अक्षर २० ते २४ पॉइंट, ओळींतलं अंतर त्याच्या दीडपट. कमी ठेवलं तर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांत घुसतात. मुक्ता आणि बालू हे 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या संस्थेचे फाँट मोफत आहेत आणि मुलांना वाचायला मोकळे. पीडीएफ बनवल्यावर 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' असे शब्द आवर्जून तपासा. मांडणीच्या काही सॉफ्टवेअरमध्ये हा ऱ्य तुटतो. फाँट पीडीएफमध्ये एम्बेड करा, म्हणजे फाइलमध्येच बसवा. तुमचा युनिकोड मजकूर प्रेसवाला जुन्या फाँटमध्ये बदलून घेणार असेल तर नको म्हणा, कारण त्या बदलात अनुस्वार आणि रफार जागा सोडतात. पानं सुटी, १ ते २४ अशी क्रमाने द्या. शीटवरची जुळणी प्रेस करते.

कागद आणि बांधणी

आतल्या पानांना १७० जीएसएम मॅट आर्ट पेपर, मुखपृष्ठाला ३०० जीएसएम आणि वरून मॅट लॅमिनेशन. चकचकीत कागद दिव्याखाली चमकतो आणि झोपताना वाचायला त्रास देतो. दुमडण्याआधी क्रीझिंग करून (घडीच्या जागी खाच दाबून) घ्या, नाहीतर घडीवर शाई तडकून पांढरी रेघ दिसते. आजी-आजोबांनी हाताने दोन ओळी लिहाव्यात असं वाटत असेल तर आतली पानं १४० जीएसएम अनकोटेड (वर लेप नसलेल्या) कागदावर छापा. आर्ट पेपरवर पेनाची शाई फिसकटते. त्या कागदावर रंग थोडे मंद दिसतील, हे आधीच लक्षात घ्या.

दोन वर्षांखालच्या मुलासाठी पिना नकोतच. त्या सैल होतात आणि मूल सगळं तोंडात घालतं. त्याऐवजी प्रत्येक जोडी ३०० जीएसएमवर एकाच बाजूला छापा, मधोमध आत दुमडा आणि कोऱ्या पाठी एकमेकींना दुहेरी चिकट शीटने जोडा. पांढऱ्या पातळ गोंदाने पानं वाकतात. कोपरे शेवटी गोल कापा.

आधी एकच प्रत काढून उन्हात पाहा. पडद्यावरचा झगमगता निळा आणि केशरी छपाईत फिके पडतात. ते फाइलमध्ये बदला, मग बाकीच्या प्रती सांगा. बारशाच्या तारखेआधी निदान तीन आठवडे फाइल तयार हवी, म्हणजे ही दुरुस्ती घाईत होत नाही. मूळ चित्रं आणि पीडीएफ दोन ठिकाणी जपून ठेवा, कारण पहिली प्रत फाटणारच आणि दुसरी छापावी लागणार.